सात नंबरची वीस मिनिटं

केरिचोच्या चहा कारखान्यात, वजनकाट्यामागच्या खोलीत
मी भिंतीला तपकिरी कागद चिकटवला
आणि म्हणाले, पान तोडल्यापासून
सुकवणीच्या पाटावर पडेपर्यंत काय काय होतं, सांगा.

बारा जण. बारा मार्कर. बारा कप चहा, साखर जास्त.
नैरोबीहून आलेल्या बाईला काय सांगायचं
आणि काय हातचं राखायचं
हे आदल्या रात्रीच ठरलं असावं.

व्यवस्थापक कोस्के पहिल्यांदा बोलले,
म्हणून बाकीचे गप्प बसले.
मी त्यांना एक तातडीचा फोन करायला बाहेर पाठवलं.
असले दोन-तीन फोन मी नेहमी पर्समध्ये बाळगते.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या.
तोडणी. टोपली. वजन. पोत्याचा अर्धा किलो वजा.
मागून कुणीतरी किप्सिगिसमध्ये काही पुटपुटलं,
खोली हसली.
अर्थ मला जेवणाच्या सुट्टीत कळला:
अर्धा कसला, एक.

दुपारी घोडं कुठे पेंड खातं ते सापडलं.
खरेदी केंद्र क्रमांक सात.
ट्रक तिथे रोज वीस मिनिटं उभा,
पान पोत्यात तापतं, कडेने लालसर पडतं,
लिलावात दर उतरतो.
मी लाल चिठ्ठी लावली: वाट पाहणे.
आमच्या शास्त्रात याला नासाडी म्हणतात.

अराप सिगिलाई, ट्रकचा ड्रायव्हर,
सकाळपासून त्याने मार्करचं टोपणही काढलं नव्हतं.
म्हणाला, नासाडी नाही ती. तापकिगेन आहे.
कोण?
ती, आणि तिच्यामागून अकरा घरं. ओढ्यापलीकडची.

पाच वेळा 'का' विचारायचं, असं मला शिकवलंय.
ट्रक का थांबतो?
त्या उशिरा का येतात?
वरच्या वळणाने का?
तिसऱ्या 'का'लाच आम्ही पाण्यात उभे होतो.

साकव एप्रिलमध्ये वाहून गेला, तो म्हणाला.
पाठीवर पोतं, कपाळाला पट्टा, पाऊण तास चढ.
पहिलं डोकं दिसलं की मी इंजिन बंद करतो.
शेवटचं पोतं आत आलं की सुरू.
हे कुठल्या चौकटीत लिहू, मादाम?

साकव आमच्या कक्षेत येत नव्हता.
अशा गोष्टींसाठी माझ्याकडे एक वेगळा कागद असतो,
दाराजवळ लावलेला, 'नंतर बघू' नावाचा.
तिथून परत आलेलं मी बारा वर्षांत दोनदा पाहिलं.
खिशातल्या पेन्सिलीने, सावकाश, सिगिलाईने चिठ्ठी लिहिली.
पूल असं नाही लिहिलं. लांबी लिहिली:
नऊ पावलं.

संध्याकाळी मसुदा.
गरज क्रमांक चौदा: सात नंबरवर उशीर झाल्यास
प्रणालीने मुख्य कार्यालयाला इशारा द्यावा.
हे टाइप करताना खरंच कुणाचा फोन आला असता
तर मी उचलला असता.

रात्री वाफेने डिंक सुटला.
पहाटे सगळा कारखाना जमिनीवर, पिवळा, पालथा.
झाडायला येणाऱ्या ताप्लेलेईने एकेक चिठ्ठी उचलून
परत लावली होती, तिला पटलं त्या क्रमाने.
वजन तिने काट्यापाशी लावलं, ते बरोबरच होतं.
लाल चिठ्ठी कुठे दिसेना.
आणि तोडणीच्याही आधी, अगदी डाव्या टोकाला,
पेन्सिलीतलं: नऊ पावलं.

चुकलंय हे, कोस्के म्हणाले,
कालचा फोटो असेल ना तुमच्याकडे?
होता.
मी मार्कर घेतला
आणि त्या चिठ्ठीपासून तोडणीपर्यंत
एक बाण ओढला. थोडा वाकडा आला.

पण हा इथे का?
कोस्केंनी विचारलं.

चौथा, अराप सिगिलाई म्हणाला,
आणि आपल्या मार्करचं टोपण काढलं.